मेल सर्व्हरच्या पॅचसाठी रात्रीचा अर्धा तास द्या: संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या शिक्षणसंस्था, पतसंस्था, साखर कारखाने, ग्रंथालयं आणि प्रकाशनसंस्था यांचे विश्वस्त, संचालक व सचिव

स.न.वि.वि.

आपल्या संस्थेच्या नावाचे ईमेल पत्ते ज्या यंत्रावर चालतात, ते यंत्र संगणक विभागाच्या कोपऱ्यात नाहीतर भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू असतं. मेल अडकला की त्याची आठवण होते, सुटला की विसर पडतो. अशा यंत्रांची देखभाल हे माझं काम आहे. हे पत्र मी तुमच्या सिस्टीम अ‍ॅडमिनला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक सुधारणारी दुरुस्ती, कसा लावायचा हे त्याला माहीत असतं, पण कधी लावायचा हे तुम्ही ठरवता. आणि बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं.

एका महाविद्यालयात हे मी जवळून पाहिलं. मेल सर्व्हरमधली एक गंभीर त्रुटी बंद करायची होती, पॅच तयार होता, चाचणीही झाली होती. अर्धा तास सेवा बंद ठेवायची परवानगी हवी होती. आधी प्रवेशप्रक्रिया सुरू आहे म्हणून थांबायला सांगितलं. मग परीक्षा आल्या. मग निकाल. प्रत्येक वेळी कारण खरं होतं आणि सांगणारी माणसं सज्जन होती. अर्जावर शेरा एकच असायचा: सध्या व्यवस्थित चालू आहे, हात लावू नये. या शेऱ्यामागची भीती मला समजते. पण यंत्र व्यवस्थित चालणं आणि ते सुरक्षित असणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि हेच मला तपशिलात सांगायचं आहे.

लिनक्स किंवा युनिक्सच्या यंत्रावर 'रूट' नावाचं एक खातं असतं. त्याला कशाचीच मनाई नसते. बाकीची खाती आपापल्या कुंपणात राहतात. साध्या खात्यावरून रूटपर्यंत पोचायची चोरवाट सापडते, तेव्हा त्या त्रुटीला प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणतात. मेल सर्व्हर हा अशा चोरवाटांचा जुना पत्ता आहे, आणि त्याचं कारण त्याच्या कामातच आहे. मेल ज्या दारातून येतो त्या पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवर बसायला रूटचे अधिकार लागतात. प्रत्येक वापरकर्त्याच्या पेटीत त्याच्या नावाने टपाल टाकायचं तर त्यासाठीही लागतात. म्हणून एक्झिम या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरसारखा प्रोग्रॅम 'सेट-यूआयडी रूट' पद्धतीने बसवलेला असतो, म्हणजे तो कुणीही सुरू केला तरी रूटच्या अधिकारात सुरू होतो. कचेरीतल्या टपाल वाटणाऱ्या शिपायाला सगळ्या खोल्या उघडता याव्यात म्हणून सचिवांच्या किल्ल्यांची जुडी द्यावी, तसं हे आहे. शिपाई प्रामाणिक असतो. पण पाकिटावर कुणी 'जाताजाता तिजोरीही उघड' असं लिहिलं आणि त्याने ते पत्ता समजून पाळलं, तर प्रामाणिकपणाचा उपयोग होत नाही.

एक्झिमचं उदाहरण घेण्याचं कारण तो वाईट आहे हे नाही. फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात तो लिहायला घेतला, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि त्रुटी सापडली की ती उघडपणे मांडली जाते. डेबियन या लिनक्सच्या एका वितरणात, म्हणजे तयार संचात, तो वर्षानुवर्षं ठरीव मेल सर्व्हर होता, आणि सीपॅनेल या व्यवस्थापन-साधनावर चालणाऱ्या शेअर्ड होस्टिंगमध्ये, म्हणजे अनेक ग्राहकांच्या वेबसाइट एकाच यंत्रावर असतात तिथे, मेल तोच हाताळतो. म्हणजे तुम्ही त्याचं नाव कधी ऐकलं नसेल, तरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पत्रं त्याच्याच हातून जातात.

डिसेंबर २०१० मध्ये एका डेबियन सर्व्हरवर घुसखोरी झाली आणि तपासात दोन त्रुटी हाती लागल्या. पहिलीमुळे, मुद्दाम घडवलेला मोठा मेल पाठवून हल्लेखोराला एक्झिमच्या स्वतःच्या खात्याचा ताबा मिळत होता. त्या खात्याला फार अधिकार नसतात, तेवढ्यावर थांबलं असतं तर नुकसान मर्यादित राहिलं असतं. पण दुसरी त्रुटी अशी की एक्झिमचं खातं एक्झिमलाच 'ही माझी कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे नियमांची फाइल, वापर' असं सांगू शकत होतं, आणि त्या फाइलमधल्या आज्ञा रूटच्या अधिकारात चालत होत्या. पहिलीने आत यायचं, दुसरीने रूट व्हायचं. दुसरी त्रुटी जानेवारी २०११ च्या ४.७३ आवृत्तीत बंद झाली.

आणि पहिली? ती तर २००९ च्या ४.७० आवृत्तीतच दुरुस्त झालेली होती! पण ती सुरक्षेची त्रुटी आहे हे तेव्हा ओळखलं गेलं नव्हतं. साधी चूक म्हणून दुरुस्त झाली, म्हणून जुन्या आवृत्तीवरच्या लोकांपर्यंत सुरक्षा अपडेटच्या वाटेने ती पोचलीच नाही.

हे एकदाच घडलं असतं तर मी त्यावर इतकं लिहिलं नसतं. ५ जून २०१९ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी एक्झिममधली आणखी एक त्रुटी जाहीर केली. त्रुटींच्या जागतिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१९-१०१४९. एप्रिल २०१६ च्या ४.८७ पासून ४.९१ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती होती. ज्याला मेल पाठवायचा त्याच्या पत्त्यात, @ या खुणेच्या आधी, डॉलर आणि महिरपी कंस घालून 'रन' ही सूचना लिहिली, तर एक्झिम तो पत्ता न समजता आज्ञा समजून चालवत असे, तीही रूट म्हणून. त्या यंत्रावर खातं असलेल्या कुणालाही एक मेल पाठवून हे क्षणात करता येत होतं. बाहेरून, ठरीव कॉन्फिगरेशन असेल तर, हल्लेखोराला सर्व्हरशी जोडणी सात दिवस उघडी ठेवावी लागे, दर काही मिनिटांनी एकेक बाइट पाठवत. कॉन्फिगरेशनमध्ये काही विशिष्ट बदल केलेले असतील तर तेवढीही वाट पाहायची गरज नव्हती.

ही त्रुटीसुद्धा जाहीर होण्याच्या चार महिने आधी, फेब्रुवारी २०१९ च्या ४.९२ मध्ये दुरुस्त झालेली होती. पुन्हा तेच झालं. सुरक्षेचा शिक्का नव्हता, म्हणून बहुतेक लिनक्स वितरणांनी आपल्या जुन्या आवृत्त्यांत ती दुरुस्ती नेली नव्हती. ज्यांनी साधं, नेहमीचं अपडेट म्हणून ४.९२ लावलं होतं ते निश्चिंत राहिले. 'सुरक्षेचं असेल तरच लावू' असं धोरण ठेवणारे उघड्यावर होते, आणि त्यांना ते कळायचा मार्गही नव्हता. म्हणून कृपा करून तुमच्या अ‍ॅडमिनला 'हे अपडेट अत्यावश्यक आहे का, लेखी द्या' असं विचारू नका. ते अत्यावश्यक होतं की नव्हतं हे कधीकधी खुद्द लिहिणाऱ्यांनाही काही महिन्यांनी कळतं.

जाहीर झाल्यापासून आठवड्याभरात जगभर हल्ले सुरू झाले. एक वर्म, म्हणजे आपणच पसरणारा घातक प्रोग्रॅम, स्वतःहून सर्व्हर शोधत फिरत होता. शिरला की रूटच्या खात्यात दुरून लॉगइन करायची आपली एसएसएच किल्ली ठेवायचा आणि त्या यंत्रावर क्रिप्टोचलन खणायला बसायचा. पुढे २८ मे २०२० रोजी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने सूचना काढली की रशियन लष्करी गुप्तहेर खात्याचा 'सँडवर्म' नावाने ओळखला जाणारा गट निदान ऑगस्ट २०१९ पासून हीच त्रुटी वापरतो आहे. सूचना निघाली तेव्हा पॅच उपलब्ध होऊन वर्ष उलटलं होतं. इतक्या उशिराही ती काढावी लागली, कारण इतक्या उशिराही पॅच न लावलेले सर्व्हर चालू होते, अगदी व्यवस्थित.

आता तुमच्या बैठकीत हमखास येणारा मुद्दा. 'हा हल्ला करायला आधी सर्व्हरवर खातं लागतं ना? मग आपल्याकडे कोण करणार? खाती तर आपल्याच माणसांची.' हा युक्तिवाद मी सल्लागारांच्या तोंडूनही ऐकला आहे, आणि तो चुकीचा आहे. आपल्या यंत्रावर खाती कुणाची आहेत याची यादी एकदा मागवा. निवृत्त झालेले ग्रंथपाल असतील, कधीकाळी प्रोजेक्टसाठी खातं दिलेला विद्यार्थी असेल, करार संपलेला वेबसाइटवाला असेल, यातल्या कुणाचा तरी पासवर्ड नावापुढे एक-दोन-तीन असा असेल. पण खरा दरवाजा यापैकी कुठलाच नाही. तो आहे त्याच यंत्रावरची संस्थेची वर्डप्रेस वेबसाइट. गॅलरी दाखवणारं एखादं जुनं प्लगइन, त्यात एक भोक, आणि वेब सर्व्हरच्या खात्यावर कुणीतरी बाहेरचा येऊन बसला. त्या खात्याला काहीच अधिकार नसतात, फार तर तो मुख्यपान विद्रूप करेल. मात्र शेजारीच पॅच न लावलेला मेल सर्व्हर असेल, तर पुढच्या मिनिटाला तो रूट असतो. मग सभासदांचा पत्रव्यवहार, कर्जप्रकरणांची कागदपत्रं, लेखकांची हस्तलिखितं, परीक्षा विभागाचे मेल, सगळं त्याचं. शेअर्ड होस्टिंगवर तर त्या यंत्रावर तुमच्यासोबत राहणारे शेकडो अनोळखी ग्राहक असतात. त्यांच्यापैकी कुणाचीही वेबसाइट फुटली तरी झळ तुम्हाला.

तुमचा अ‍ॅडमिन अपडेटला घाबरत असेल तर त्यालाही कारण आहे, आणि ते तुम्ही समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मार्च २०१६ मध्ये एक्झिमने पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेशी संबंधित एक प्रिव्हिलेज एस्कलेशन बंद केलं. रूट म्हणून चालताना तो वापरकर्त्याची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्रॅमला पार्श्वभूमीतून मिळणारी मूल्यं, जशीच्या तशी स्वीकारत असे, ती आता पुसून टाकू लागला. दुरुस्ती योग्यच होती. पण कॉन्फिगरेशनमध्ये एक नवी ओळ घातली नाही, तर एक्झिम प्रत्येक वेळी इशारा छापू लागला.

२०२० चा बदल याहून मोठा होता. ४.९४ आवृत्तीपासून एक्झिम बाहेरून आलेल्या माहितीला 'टेंटेड', म्हणजे विश्वास न ठेवण्याजोगी, मानू लागला. मेलमधल्या पत्त्याचं नाव थेट फाइलच्या मार्गात वापरायला त्याने साफ नकार दिला. जगभरची हजारो जुनी कॉन्फिगरेशनं नेमकी तेच करत होती, नावावरून पेटीचा मार्ग बनवत होती. अपडेट लावलं की मेल पेटीत पडेना, क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, साचत राही. काम फार नव्हतं, तपासून घेतलेलं नाव देणारं दुसरं व्हेरिएबल त्या जागी वापरायचं होतं. पण प्रत्येक ओळ वाचून बदलायची तर वेळ आणि चाचणीसाठी दुसरं यंत्र लागतं. ते न मिळाल्याने कितीतरी जण ४.९२ नाहीतर ४.९३ वरच थांबले.

मग ४ मे २०२१ उजाडला. क्वालिसने एक्झिममधल्या २१ त्रुटी एकदम जाहीर केल्या. ११ स्थानिक, १० बाहेरून वापरता येणाऱ्या. काही २००४ पासूनच्या. उपाय होता ४.९४.२, म्हणजे ज्या बदलाला लोक वर्षभर टाळत होते त्याच्या पलीकडचा. त्या २१ मधली एक तुम्हाला दाखवते. एक्झिमचा लॉगचा, म्हणजे कामाच्या नोंदींचा, फोल्डर एक्झिमच्या साध्या खात्याच्या मालकीचा असतो, पण त्यातल्या लॉग फाइली रूटच्या अधिकारातही उघडल्या जात. मग ज्याच्या हाती एक्झिमचं खातं आलं आहे त्याने तिथे लॉगच्या नावाने एक लिंक ठेवायची, जी खरं तर पासवर्डच्या फाइलकडे जाते. रूट बिचारा लॉग समजून त्याच फाइलमध्ये हल्लेखोराने घडवलेली ओळ लिहून देणार. जे वेळेवर ४.९४ वर गेले होते त्यांना त्या मंगळवारी छोटं अपडेट पुरलं. जे थांबले होते त्यांना हल्ल्याच्या धास्तीत, रात्रीतून, दोन्ही कामं करावी लागली. टाळलेलं अपडेट वाचत नाही, साठतं.

आता तुमच्या हातातल्या गोष्टीकडे येते. सेवा बंद ठेवायची भीती. सर्व्हर अर्धा तास बंद ठेवला तर त्या अर्ध्या तासातले मेल हरवतील, अशी समजूत मी सगळीकडे पाहते. ते हरवत नाहीत. ईमेलची यंत्रणा पहिल्यापासून या गृहीतावर बांधली आहे की समोरचा सर्व्हर केव्हाही बंद असू शकतो. पाठवणारा सर्व्हर मेल आपल्या क्यूमध्ये ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ या मानकानुसार त्याने साधारण चार ते पाच दिवस तरी हार मानू नये. चार ते पाच दिवस! तुमच्याकडे मागणी आहे अर्ध्या तासाची, तीही रात्रीची. जे मेल त्या वेळात यायचे ते पहाटेपर्यंत पेटीत पडलेले असतात. बहुतेक वेळा तर सर्व्हर नव्याने सुरू व्हायला काही सेकंदच लागतात. बाकीचा वेळ आधी बॅकअप घेण्यात आणि नंतर चाचणीचे मेल पाठवून लॉग बघण्यात जातो. ती तपासणी घाईत करायला लावू नका, एवढंच.

लेखापरीक्षकांच्या अहवालाबद्दलही थोडं सांगते, कारण त्यावरून अ‍ॅडमिनला अकारण बोलणी बसतात. डेबियनसारखी वितरणं आवृत्तीचा आकडा तसाच ठेवून फक्त दुरुस्ती आत आणतात. २०१९ ची त्रुटी डेबियन ९ मध्ये ४.८९-२+डेब९यू४ या पॅकेजने बंद केली. नुसतं ४.८९ वाचणारा म्हणेल, जुनी आवृत्ती, धोका आहे. शेपूट वाचणारा म्हणेल, बंद केलेलं आहे. उलटही होतं. पॅकेज नवं बसवलेलं असतं, पण जुनी प्रक्रिया स्मृतीत चालूच राहते, कारण सर्व्हर पुन्हा सुरू करायची परवानगी मिळालेली नसते. तेव्हा अहवालात आवृत्ती न मागता पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि सर्व्हर शेवटचा केव्हा सुरू झाला ती तारीख मागा.

ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज हा मेल सर्व्हर आहे त्यांनी हे पत्र बाजूला ठेवू नये. फेब्रुवारी २०२४ मधली सीव्हीई-२०२४-२१४१० ही एक्स्चेंजमधली प्रिव्हिलेज एस्कलेशनचीच त्रुटी होती, आणि तिच्यापासून वाचायला 'एक्स्टेंडेड प्रोटेक्शन' नावाची सोय चालू असणं गरजेचं होतं. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांचं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं. सेंटओएस ७ या लिनक्स वितरणाचं तर ३० जून २०२४ लाच संपलं. पाठबळ संपलेल्या यंत्रावर पॅच लावायची परवानगी देऊन काही होत नाही, कारण पॅचच येत नाही. तिथे नवं यंत्र किंवा मेलची सेवा बाहेरून घेणं, दोनच मार्ग आहेत. बाहेरून घेण्यात कमीपणा नाही. ज्या संस्थेत देखभालीला पूर्णवेळ माणूस नाही तिने स्वतःचा मेल सर्व्हर चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅच उशिरा लागला असेल तर लावून झाल्यावर काम संपत नाही. आधीच आत शिरलेला माणूस पॅचने बाहेर जात नाही. रूटच्या एसएसएच किल्ल्यांची फाइल उघडून प्रत्येक किल्ली कुणाची ते विचारा. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, अनोळखी काम आहे का, अचानक नवं खातं निर्माण झालं आहे का, क्यूमध्ये गोठलेल्या मेलच्या पत्त्यांत डॉलर आणि महिरपी कंस दिसतात का, हे बघायला सांगा. काही सापडलं तर झाकून ठेवू नका. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. सहा तासांत कळवायचं तर कोण कळवणार हे आधीच ठरलेलं हवं. अध्यक्ष परगावी आहेत, आल्यावर बघू, असं म्हणायला त्यात जागा नाही. आणि ज्या अ‍ॅडमिनने ते शोधलं त्याच्यावर खापर फोडू नका. तसं एकदा झालं की पुढचा कुणी शोधणार नाही.

माझी विनंती मोठी नाही. पैसेही फारसे लागत नाहीत, चाचणीसाठी एक जुना संगणक पुरतो. प्रत्येक वेळी परवानगी मागायला लावण्याऐवजी ती एकदाच, कायमची, कागदावर द्या. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा म्हणून ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. आपल्या संस्थेला सोयीचे बदल करून घ्यावेत.

कळावे,
आपली नम्र,
मेल सर्व्हरांची देखभाल करणारी एक सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

सोबत: ठरावाचा मसुदा

ठराव क्र. ……
संस्थेच्या मेल सर्व्हरवरील सुरक्षाविषयक दुरुस्त्या त्या प्रसिद्ध झाल्यापासून ७२ तासांच्या आत, व इतर सर्व अपडेट दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री ११ नंतर बसवण्यात यावेत. त्यासाठी जास्तीत जास्त एक तास मेल सेवा बंद ठेवण्याचे अधिकार सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर यांना कायमस्वरूपी देण्यात येत आहेत. प्रवेश, परीक्षा, लेखापरीक्षण अथवा वार्षिक सभा या कारणांस्तव सुरक्षाविषयक दुरुस्ती पुढे ढकलावयाची झाल्यास ढकलणाऱ्या पदाधिकाऱ्याने कारण व नवी तारीख लेखी नोंदवावी. चाचणीसाठी स्वतंत्र संगणक उपलब्ध करून देण्यात यावा. सर्व्हरवरील खात्यांची यादी दर सहा महिन्यांनी कार्यकारिणीसमोर ठेवावी. सुरक्षाभंगाची घटना आढळल्यास सर्ट-इनला कळवण्याची जबाबदारी सचिवांची, व त्यांच्या अनुपस्थितीत सहसचिवांची राहील.

सूचक: ……………  अनुमोदक: ……………